जुन्या रॅमच्या शेजारी नवी रॅम : १६ जीबीच्या दोन स्टिकच्या एका डीडीआर४ किटचे परीक्षण

मदरबोर्डवरचे रिकामे स्लॉट पाहिले की त्यांत आणखी मेमरी बसवावी, हा विचार डेस्कटॉप वापरणाऱ्याच्या मनात कधी ना कधी येतोच. माझ्या संगणकातील चारपैकी दोन स्लॉट चार वर्षे रिकामे होते आणि उरलेल्या दोहोंत ८ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे एकूण १६ जीबी डीडीआर४ मेमरी होती. अनेक छायाचित्रे जोडून एक मोठी प्रतिमा तयार करणे आणि त्याच वेळी एखादे व्हर्च्युअल मशीन चालू ठेवणे, या कामाला ती अपुरी पडू लागली, तेव्हा मी जुनी जोडी तशीच ठेवून तिच्या शेजारी १६ जीबीच्या दोन स्टिकचे नवे किट बसवले. त्या नव्या किटचे हे परीक्षण आहे. ते एकटे कसे चालते यापेक्षा आधीच्या किटसोबत कसे चालते यावर मी अधिक लिहिणार आहे, कारण अनेक जण असे किट याच हेतूने घेतात आणि खोक्यावर नेमकी याच बाबतीत सर्वांत कमी माहिती असते.

निवड करताना मी शक्य तेवढी काळजी घेतली होती. कंपनी तीच, मालिका तीच, छापील वेग तोच, म्हणजे सेकंदाला ३२०० मेगाट्रान्सफर, टायमिंगचे, म्हणजे मेमरीच्या प्रतिसादाला लागणाऱ्या वेळेचे, चार आकडेही तेच, १६-१८-१८-३८, आणि व्होल्टेजसुद्धा तेच, १.३५ व्होल्ट. फरक फक्त क्षमतेचा होता. लेबलावरील सर्व आकडे जुळत असल्यामुळे दोन्ही किट एकत्र चालतील, असे विक्रेत्याने सांगितले आणि मलाही ते पटले. कंपनीच्या सूचनापत्रात मात्र बारीक अक्षरांत लिहिले होते की, किटमधील स्टिक एकमेकींसोबत तपासलेल्या असून दुसऱ्या किटमध्ये मिसळू नयेत. असे वाक्य बऱ्याच उत्पादकांच्या कागदपत्रांत आढळते आणि ग्राहकाने अधिक खरेदी करावी म्हणून ते लिहिलेले असावे, असा अनेकांचा समज असतो. तो समज चुकीचा आहे, हे मला पुढच्या आठवड्यात कळले.

किटची बांधणी चांगली आहे. ॲल्युमिनियमचे आवरण ठेंगणे असल्यामुळे प्रोसेसरच्या मोठ्या कूलरखालीही स्टिक सहज बसते, दिव्यांची आरास नाही आणि लेबल वाचता येईल असे छापलेले आहे. जुनी जोडी काढून फक्त नवे किट बसवले, बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूलभूत प्रोग्रॅममध्ये, एक्सएमपी हे उत्पादकाने नोंदवलेल्या जलद मूल्यांचे प्रोफाइल चालू केले आणि संगणक पहिल्याच प्रयत्नात ३२०० वर सुरू झाला. मेमटेस्ट८६ या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चारही फेरे एकाही चुकीशिवाय पूर्ण झाले. त्यामुळे एकट्याने वापरायचे असेल, तर या किटबद्दल माझी तक्रार नाही.

पुढचे समजण्यासाठी खोक्यावरील आकड्यांचा अर्थ थोडा उलगडून सांगायला हवा. ३२०० हा आकडा ट्रान्सफरचा आहे. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका आवर्तनात दोनदा माहिती पाठवते, म्हणून प्रत्यक्ष घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे असते. सोळा हे पहिले टायमिंग त्या घड्याळाच्या आवर्तनांत मोजलेले आहे, म्हणजे सोळा आवर्तने किंवा १० नॅनोसेकंद. वेग ३६०० आणि टायमिंग १८ असेल तरी उत्तर १० नॅनोसेकंदच येते, तर ३२०० आणि २२ असेल तर ते १३.७५ होते. म्हणून दोन किटची तुलना करताना नुसता वेग पाहणे पुरेसे नसते. शिवाय हा ३२०० आणि १६ चा संयोग जेडेक या मेमरीची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात नाही. डीडीआर४ चे मानक व्होल्टेज १.२ आहे. एक्सएमपी म्हणजे स्टिकवरील एका छोट्या चिपमध्ये उत्पादकाने नोंदवून ठेवलेली, मानकापेक्षा अधिक ताणलेली मूल्ये होत. ती मूल्ये दोन स्टिकच्या त्या संचासाठी तपासलेली असतात. आपण चार स्टिक बसवतो तेव्हा त्या तपासणीचा आधार संपतो आणि तपासणीची जबाबदारी आपल्यावर येते.

आता दोन्ही किट एकत्र बसवल्यानंतर काय घडले, ते क्रमाने सांगतो. चारही स्टिक बसवून बायोस मूळ स्थितीत ठेवला, तेव्हा यंत्र २१३३ या सर्वांत सावध वेगावर सुरू झाले, पूर्ण ४८ जीबी दिसू लागली आणि चाचणीही निर्दोष झाली. यानंतर मी जुन्या किटसाठी बायोसमध्ये जपून ठेवलेली, स्वतः भरलेली ३२०० ची मूल्ये लागू केली. यंत्र सुरू झाले, विंडोजही नेहमीसारखी चालली आणि अर्धा दिवस मला काहीच वावगे जाणवले नाही. संध्याकाळी एक मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश आला. तीच फाइल पुन्हा उघडली तर उघडली, तिसऱ्यांदा पुन्हा नाही. मेमटेस्ट८६ सुरू केल्यावर काही मिनिटांतच लाल ओळी दिसू लागल्या.

या टप्प्यावर थोडे थांबून सांगणे आवश्यक वाटते. मेमरीतील चूक म्हणजे निळा पडदा येणे आणि यंत्र बंद पडणे, अशी समजूत असते. सामान्य डेस्कटॉपच्या मेमरीत चूक ओळखणारी ईसीसी व्यवस्था नसल्यामुळे एखादा बिट उलटला तरी कोणीही सूचना देत नाही. तो बिट एखाद्या छायाचित्रात, हिशेबाच्या तक्त्यात किंवा त्याच वेळी घेतल्या जाणाऱ्या बॅकअपमध्ये जाऊन बसतो आणि चूक कधी कधी काही महिन्यांनी उघडकीस येते. झिप फाइलमध्ये पडताळणीचा आकडा असतो, म्हणून तिने तक्रार केली. माझ्या इतर शेकडो फाइलींत तसा आकडा नव्हता. त्या अर्ध्या दिवसात जतन केलेले सर्व काम मी जुन्या प्रतींशी ताडून पाहिले आणि दोन प्रतिमा पुन्हा तयार केल्या. नवी मेमरी बसवल्यावर रात्रभर चाचणी घेतल्याशिवाय महत्त्वाचे काम तिच्यावर करू नये, असे मी इतक्या आग्रहाने सांगतो ते या अनुभवामुळे.

चुकीचे कारण शोधताना सीपीयू-झेड या प्रोग्रॅमचा उपयोग झाला. त्याच्या एसपीडी या भागात प्रत्येक स्लॉटमधील स्टिकची क्षमता, रँक (एकत्र वाचल्या जाणाऱ्या चिपचे किती गट आहेत ते), उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष, तसेच मेमरी चिप कोणाची आहे, हे दिसते. दोन्ही किटवर नाव एकाच कंपनीचे असले तरी आतल्या चिप वेगवेगळ्या उत्पादकांच्या निघाल्या. जुन्या स्टिकवर ८ गिगाबिटच्या आठ चिप आहेत, नव्या स्टिकवर १६ गिगाबिटच्या आठ. बाहेरून हा फरक फक्त क्षमतेचा दिसतो, पण चिपची घनता बदलली की तिच्या ताजेतवाने होण्याचा काळही बदलतो.

डीरॅममधील, म्हणजे या स्टिकवरील चिपमधील, प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो आणि तो भार सतत गळत असतो. तो टिकावा म्हणून सर्व ओळी ठरावीक काळात, साधारण तापमानाला ६४ मिलिसेकंदांत एकदा, पुन्हा भरून घ्याव्या लागतात. त्यासाठी डीडीआर४ मध्ये दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक आज्ञा जाते आणि ती पूर्ण होईपर्यंत चिपला दुसरे काम देता येत नाही. या थांब्याला टीआरएफसी म्हणतात. मानकानुसार तो ८ गिगाबिटच्या चिपसाठी ३५० नॅनोसेकंद, तर १६ गिगाबिटच्या चिपसाठी ५५० नॅनोसेकंद आहे. ३२०० च्या वेगाला हेच आकडे ५६० आणि ८८० आवर्तने होतात. मी जपून ठेवलेल्या मूल्यांत ५६० लिहिलेले होते. जुन्या स्टिकला ते योग्य होते, पण नव्या स्टिकचे काम पूर्ण होण्याआधीच कंट्रोलर, म्हणजे प्रोसेसरमधील मेमरी हाताळणारा भाग, तिच्याकडे पुढची मागणी करत होता. खोक्यावर छापलेल्या चार आकड्यांत टीआरएफसी नसते, त्यामुळे लेबल कितीही जुळले तरी ही विसंगती ग्राहकाला कळत नाही. मूल्ये बायोसवर सोडली असती, तर सर्व स्टिकच्या नोंदी वाचून त्याने बहुधा मोठा आकडा घेतला असता. जुनी मूल्ये जशीच्या तशी लादणे, ही चूक माझी होती.

टीआरएफसी ८८० केल्यावर चुका जवळजवळ थांबल्या, पण पूर्णपणे नाही. दोन-अडीच तासांच्या चाचणीनंतर एखादी चूक येत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड यंत्र चालू केले, तेव्हा ते तीन वेळा आपोआप बंद-चालू झाले आणि २१३३ वर परत आले. मदरबोर्ड सुरू होताना प्रत्येक स्टिककडे जाणाऱ्या संकेतांची वेळ जुळवून घेतो. ही जुळवणी ज्या वेगावर जेमतेम साधते, तिथे आदल्या रात्री चाललेले यंत्र सकाळी चालेलच असे नसते. व्होल्टेज थोडे वाढवून पाहिले, त्याने काही काळ बरे वाटले, पण पुढच्या थंड सकाळी तोच प्रकार पुन्हा घडला. कामाच्या यंत्रावर त्यापुढे जाणे मला योग्य वाटले नाही.

इथपर्यंत आल्यावर दोन वेगळ्या चिप मिसळल्यामुळेच हे होत आहे, असा निष्कर्ष काढून मी नवे किट परत करण्याच्या विचारात होतो. त्याआधी एक प्रयोग केला आणि आता वाटते की तो सर्वांत आधी करायला हवा होता. दोन जुन्या आणि दोन नव्या स्टिकऐवजी मी प्रत्येक चॅनेलला, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातील प्रत्येक स्वतंत्र मार्गाला, एक याप्रमाणे फक्त दोन स्टिक बसवल्या, एक जुनी आणि एक नवी. टीआरएफसी ८८० आणि वेग ३२०० ठेवून रात्रभर चाचणी चालवली. एकही चूक आली नाही. सकाळी थंड यंत्रही विनातक्रार सुरू झाले. म्हणजे योग्य मूल्ये दिल्यावर वेगवेगळ्या चिप एकमेकींसोबत नीट चालत होत्या आणि उरलेली अडचण स्टिकच्या संख्येची होती.

प्रोसेसरच्या कागदपत्रांत हीच गोष्ट लिहिलेली सापडली. माझा प्रोसेसर एएमडीच्या रायझन ३००० मालिकेतील आहे. या मालिकेसाठी एएमडीने दोन स्टिक असताना ३२००, एका रँकच्या चार स्टिक असताना २९३३ आणि दोन रँकच्या चार स्टिक असताना २६६६ असा अधिकृत वेग दिलेला आहे. एका चॅनेलच्या तारांवर दोन स्टिक आल्या की संकेत दोन ठिकाणी विभागला जातो, त्याचे परावर्तन होते आणि कंट्रोलरवरचा भार वाढतो. बऱ्याच मदरबोर्डवर तारा एका स्लॉटमधून पुढच्या स्लॉटकडे जातात, म्हणून दोनच स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायला सांगितलेले असते. मला हवे असलेले ३२००, चार स्टिकसह, एकाच खोक्यातील चार सारख्या स्टिक असत्या तरीही मिळण्याची खात्री नव्हती. किट मिसळण्याला जो दोष दिला जातो, त्यातला मोठा भाग खरे तर चार स्टिक बसवण्याचा असतो, असे मला आता ठामपणे वाटते.

वेग २९३३ वर आणला, टीआरएफसी त्या घड्याळाच्या हिशेबाने ८०८ केले, पहिले टायमिंग १६ च ठेवले आणि चाचणी दोन रात्री चालवली. दोन्ही रात्री निर्दोष गेल्या. त्यानंतरचे तीन महिने हे यंत्र याच मूल्यांवर रोज चालू आहे.

स्टिकची मांडणी करताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. प्रत्येक चॅनेलमध्ये दोन्ही किटची एकेक स्टिक यायला हवी, म्हणजे दोन्हीकडे २४ जीबी होते आणि संपूर्ण मेमरी दोन चॅनेलने वाचली जाते. दोन्ही मोठ्या स्टिक एका चॅनेलमध्ये आणि दोन्ही लहान दुसऱ्यात बसवल्या, तर ३२ विरुद्ध १६ अशी विषम वाटणी होते आणि जुळणाऱ्या भागापलीकडची मेमरी एकाच चॅनेलच्या वेगाने चालते. इंटेल या व्यवस्थेला फ्लेक्स मोड म्हणते. बोर्डवरचे स्लॉट रंगाने वेगळे दाखवलेले असले, तरी रंगांचा अर्थ प्रत्येक बोर्डवर सारखा नसतो, म्हणून बोर्डची पुस्तिका पाहूनच स्टिक बसवाव्यात.

वेग कमी झाल्याने किती तोटा झाला? कागदावर पाहिले तर दोन चॅनेल मिळून सेकंदाला ५१.२ गिगाबाइटऐवजी ४६.९ गिगाबाइट, म्हणजे सुमारे ८ टक्के कमी, आणि पहिल्या टायमिंगचा काळ १० ऐवजी १०.९ नॅनोसेकंद. लहान प्रतिमांच्या कामात हा फरक घड्याळ लावून मोजला तरच कळतो. मोठ्या प्रतिमेच्या कामात मात्र १६ जीबी भरल्यावर यंत्र एसएसडीवर माहिती ठेवू लागत असे आणि तिथे एका वाचनाला कित्येक मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे मेमरीच्या तुलनेत शेकडो पट अधिक. ते थांबल्यामुळे पूर्वी जेवायला उठून परत येईपर्यंत चालणारे काम आता जागेवर बसून पूर्ण होताना पाहता येते. ज्याचे काम आहे त्या मेमरीत मावते, त्याने यासाठी स्लॉट भरण्याची गरज नाही. खेळ खेळणाऱ्याला तर उलट दोनच स्टिक आणि अधिक वेग हेच बहुतेक वेळा लाभदायक ठरते.

या किटबद्दलची माझी खरी तक्रार लेबलाची आहे. एकाच उत्पादन क्रमांकाखाली आतली चिप बदलली जाते आणि खोक्यावर त्याचा उल्लेख नसतो. कॉर्सेरसारखी कंपनी लेबलावर व्हर्जन क्रमांक छापते आणि त्यावरून चिप कोणाची आहे याचा अंदाज बांधता येतो. माझ्या किटवर असे काहीच नव्हते. चिपची घनता, रँकची संख्या आणि टीआरएफसी हे तीन आकडे छापायला लेबलावर पुरेशी जागा आहे आणि ते छापले असते, तर ज्याला आधीच्या जोडीत भर घालायची आहे त्याला खोके उघडण्याआधीच निर्णय घेता आला असता. मी विचारणा केल्यावर कंपनीच्या ग्राहक सेवेने मिसळण्यास पाठिंबा नाही एवढेच कळवले. ते उत्तर चुकीचे म्हणता येत नाही, पण आतली चिप कोणती, या सरळ प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

नव्या संगणकासाठी मेमरी घेणाऱ्यांनी हवी असलेली पूर्ण क्षमता एकाच किटमध्ये, दोन स्टिकमध्ये घ्यावी. नंतर भर घालू म्हणून अर्धी घेऊन ठेवणे डीडीआर४ मध्ये निभावून जाते, डीडीआर५ मध्ये ते महागात पडते. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० आहे. डीडीआर५ मध्ये चार स्टिकसह पहिल्यांदा यंत्र सुरू होताना संकेतांची जुळवणी कित्येक मिनिटे चालू शकते आणि पडदा काळाच राहतो. यंत्र बिघडले असे समजून मध्येच वीज बंद केली तर जुळवणी पहिल्यापासून सुरू होते. डीडीआर५ च्या चिपमध्ये चुका दुरुस्त करण्याची अंगभूत सोय आहे, हे खरे, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे. चिप आणि कंट्रोलर यांच्यामधल्या तारांवर झालेली चूक ती पकडत नाही आणि चार स्टिक बसवल्यावर अडचण नेमकी तिथेच येते. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांत मिसळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण दोन्हींच्या पिना २८८ असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी आहे.

मी हे किट परत केले नाही. ४८ जीबीवर माझे काम नीट चालते आणि २९३३ हा वेग मी उणीव म्हणून पाहत नाही, कारण प्रोसेसर बनवणाऱ्याने चार स्टिकसाठी तेवढ्याचीच हमी दिलेली आहे. गेल्या महिन्यात बायोस अद्ययावत केला, तेव्हा जपून ठेवलेली सर्व मूल्ये पुसली गेली. ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलेली असल्यामुळे पुन्हा भरायला दहा मिनिटे लागली. नव्या बायोसमध्ये मेमरी जुळवण्याची पद्धत बदललेली असू शकते, म्हणून त्या रात्रीही यंत्र कामाला न लावता चाचणीवर ठेवले आणि सकाळी चूक शून्य दिसल्यावरच अपुरी राहिलेली प्रतिमा पुन्हा उघडली.